कधीच नापास न झालेले कान

मी दहावीला एकदा नापास झालो आणि गाडीच्या लायसनला दोनदा. कानाच्या तपासणीत मात्र तेहतीस वर्षांत एकदाही नापास झालो नाही. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते सगळं याच हुशारीमुळे झालं.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी फिटर होतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण यात त्याचा काही दोष नाही. दोष आमचा, म्हणजे मशीन विभागातल्या आम्हा पाच-सात शहाण्यांचा. सकाळी नाशिकरोडहून बस पकडायची, मोहदरीचा घाट चढून जायचं आणि दिवसभर पंप, ब्लोअर आणि कॉम्प्रेसर यांच्या मांडीला मांडी लावून बसायचं. आवाज असा की जेवायच्या सुट्टीत बाहेर आलं तरी अर्धा तास डोक्यात पंप चालूच राहायचा. कानावर लावायला जाड झाकणं मिळाली होती. ती आम्ही गळ्यात घालायचो. साहेब लांबून येताना दिसले की वर चढवायची, साहेब गेले की खाली.

आळस म्हणून नव्हे. झाकणं लावली की मशीन ऐकू येत नाही, आणि फिटरला मशीन ऐकावंच लागतं. आमच्याकडे दीड हात लांबीची एक लोखंडी सळई असायची. तिचं एक टोक बेअरिंग बसवलेल्या जागेवर टेकवायचं आणि दुसरं कानाला लावायचं, की आतलं सगळं ऐकू येतं. बेअरिंग धडधाकट असेल तर एकसारखी घरघर. ग्रीस कमी पडलं किंवा आतली गोळी बिघडायला लागली की घरघरीच्या वर एक बारीक शिट्टी चढते. मग काही दिवसांनी खरखर सुरू होते, पण खरखर कुणालाही ऐकू येते, त्यासाठी फिटर लागत नाही. शिट्टी ज्याला ऐकू आली तो खरा फिटर. मला ती इतरांच्या आधी दोन-दोन दिवस ऐकू यायची. मी सळई लावून डोळे मिटले की इंजिनिअरसुद्धा बोलायचे थांबायचे, आणि मला ते फार आवडायचं.

दर वर्षी आमची वैद्यकीय तपासणी व्हायची. त्यात एक माणूस पेटीएवढं यंत्र घेऊन यायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि आवाज आला की बोट वर करा म्हणायचा. जो नापास होईल त्याला मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवायचे. स्टोअरला गेलेल्या फिटरशी लोक सुतकात बोलतात तसं हळू बोलायचे. त्याला ते ऐकू यायचं नाही हा भाग वेगळा. तर तिथे जायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून जुनी मंडळी नव्या माणसाला पहिल्याच वर्षी एक विद्या शिकवायची. आवाज ऐकायचा नाही, आवाज देणाऱ्या माणसाकडे बघायचं. तो बटण दाबताना कोपर हलवतो, भुवई उचलतो, काही नाही तर श्वास तरी धरतो. ते दिसलं की बोट वर. आमच्यातला एक जण अर्धा बहिरा होता आणि दर वर्षी त्याचाच निकाल सगळ्यात चांगला लागायचा.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं जेलरोडच्या घरी निवांत झालो. मुलगी लग्न होऊन मनमाडला. मी निवांत झालो असं म्हणतो खरा, पण गल्लीला माझ्या कानांचा पत्ता लागला होता. कुणाची पाण्याची मोटर, कुणाचा कूलर, कुणाचा मिक्सर. लोक ओट्यावर आणून ठेवायचे, मी सळई लावायचो, डोळे मिटायचो आणि निकाल द्यायचो. बायको आतून म्हणायची की मिक्सरला एवढं ध्यान लावता, कधी देवाला लावलं नाही. तिचं बरोबर होतं. देव कधी मला विचारायला आला नव्हता.

मग दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात घसा बसला तो उठेना. आधी वाटलं, आयुष्यभर मशीनवर ओरडून बोललो त्याचं व्याज. मग मानेला एक गाठ हाताला लागली. पंचवीस वर्षं तळहातावर मळलेल्या तंबाखूनं अखेर आपला हिशेब दाखवला होता. शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो, तुकडा काढून तपासला आणि कॅन्सर निघाला. डॉक्टर माझ्या जावयाच्या वयाचा होता. त्यानं सांगितलं की ऑपरेशन नको, रोज रेडिएशनचा शेक देऊ आणि सोबत एका औषधाचे तीन डोस, तीन-तीन आठवड्यांच्या अंतरानं. बरं व्हायची आशा चांगली आहे. बायकोनं हे वाक्य त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

औषध चांगलं आहे पण त्याला दोन वाईट सवयी आहेत, असं तो म्हणाला. एक मूत्रपिंडाची आणि दुसरी कानाची. मूत्रपिंडासाठी भरपूर पाणी चढवू. कानाचं मात्र नीट लक्ष देऊन ऐका म्हणाला आणि कागदावर गोगलगाईच्या शंखासारखं एक चित्र काढलं. कानाच्या अगदी आत अशी एक गुंडाळलेली नळी असते. तिच्यात बारीक केसांचे तुरे असलेल्या पेशी ओळीनं उभ्या असतात. आवाज आत आला की तुरे हलतात, म्हणून आपल्याला ऐकू येतं. जन्माला येताना माणूस त्या काही हजार घेऊन येतो आणि तेवढ्यावरच आयुष्य काढतो. हे औषध कॅन्सरच्या पेशी मारता मारता यांनाही मारतं. बारीक आवाजाच्या पेशी नळीच्या तोंडाशी असतात, त्या आधी जातात.

मी विचारलं, गेल्या तर नव्या येत नाहीत का. तो म्हणाला, नाही येत. म्हणजे मशीन विदेशी आणि स्पेअर कुठेच मिळत नाही, असं मी म्हणालो. तो हसला. बायको हसली नाही.

कान सांभाळायचे म्हणून त्यानं काही गोष्टी सांगितल्या. पाणी प्यायचं. दुसऱ्या कुणाकडून कसलंही इंजेक्शन किंवा गोळी परस्पर घ्यायची नाही, कारण काही औषधं कानाच्या बाबतीत याला सामील होतात. मोठ्या आवाजापासून लांब राहायचं, गणपतीच्या डीजेसमोर तर उभंही राहायचं नाही. ही अट मला मनापासून आवडली. आणि प्रत्येक डोसच्या आधी कानाची तपासणी करून यायची. कान जास्त बिघडायला लागले तर औषधाचं काय करायचं ते बघावं लागेल, असं तो जाता जाता म्हणाला.

बघावं लागेल. कारखान्यात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला या शब्दांचा एकच अर्थ कळतो. नापास झालात की मशीनवरून खाली. इथे मशीन म्हणजे माझा जीव. कान गेले तर गेले, पण औषध बंद व्हायला नको, असा मी तिथल्या तिथे मनाशी सौदा करून टाकला. डॉक्टरला साधं विचारलं असतं की बघावं लागेल म्हणजे काय, तर तो सांगणार होता. पण विचारायला तोंड लागतं, आणि माझी सगळी अक्कल डोळ्यांत होती.

पहिल्या डोसच्या आधी कानाच्या खोलीत गेलो. तपासणारी मुलगी असेल अठ्ठावीस-तीसची. काका, काका करत तिनं मला कपाटाएवढ्या एका बंद खोलीत बसवलं. भिंतींना स्पंज, समोर काचेची खिडकी, खिडकीच्या पलीकडे ती आणि तिचं यंत्र. खुर्ची तिनं मुद्दाम आडवी ठेवली होती, पेशंटला तिचा हात दिसू नये म्हणून. मी मनात म्हटलं, पोरगी शिकलेली आहे. मग मानेला हात लावला आणि म्हणालो की गाठीमुळं मान एका बाजूला धरवत नाही, खुर्ची सरळ केली तर चालेल का. ती बिचारी लगेच उठून आली आणि स्वतः खुर्ची फिरवून दिली.

हात तरीही दिसत नव्हता. पण तिला चष्मा होता. आवाज सोडला की यंत्रावर एक हिरवा दिवा लागायचा आणि तो चष्म्याच्या काचेत चमकायचा. इतकं सोपं मला कारखान्यातसुद्धा कधी गेलं नव्हतं. हातातलं बटण अगदी दर वेळेला दाबलं तर संशय येतो, म्हणून मी मधून मधून एखादा मुद्दाम सोडून दिला. बाहेर आल्यावर तिनं आलेख दाखवला आणि म्हणाली की काका, तुमचे कान तर पंचविशीतल्या माणसाचे आहेत, कारखान्यात होतात असं वाटतच नाही. मी लाजलो. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. फसवून मिळालेली असली तरी शाबासकी होती.

पहिला डोस म्हणजे एक अख्खा दिवस पाण्याचा कारभार. आधी सलाईन, मग औषध, मग पुन्हा सलाईन, आणि जेवढं आत गेलं तेवढं बाहेर येतं की नाही ते मापायचं. बॉयलरवरची माणसं पाण्याची पातळी लिहितात तसं मी ते वहीत लिहून ठेवलं, आणि नर्सनं वही बघून माझं कौतुक केलं. पुढचे चार दिवस उलट्या. पोटात काही उरलं नाही तरी पोट मागे हटेना. बायको मुगाचं पातळ कढण करून आणायची, मी ते तिच्या समाधानासाठी घ्यायचो आणि पाच मिनिटांत परत करायचो.

कानांची जबाबदारी मात्र तिनं स्वतःकडे घेतली होती. डॉक्टरनं कान जपा म्हटलं म्हणून तिनं ते जपायला सुरुवात केली. मखमलाबादच्या तिच्या वहिनीनं सांगितलं होतं, म्हणून रोज सकाळी लसूण घालून कोमट केलेलं तेल, दोन-दोन थेंब, वर कापसाचा बोळा आणि त्यावर मफलर. सप्टेंबरच्या दमट हवेत मी मफलर गुंडाळून ओट्यावर बसायचो आणि येणारे-जाणारे सर्दी झाली का विचारायचे. मी तिला समजावलं की औषध शिरेतून आत जातं, तुझं तेल बाहेरून पडद्यापर्यंतच जातं, दोघांची भेट व्हायची कुठे. ती म्हणाली, गप पडा. मी गप पडून राहिलो, कारण तेल घालताना ती माझं डोकं मांडीवर घ्यायची.

दहा-बारा दिवसांनी एका दुपारी मला गळती ऐकू आली. कुठेतरी वाफ सुटते तसा बारीक, न थांबणारा सूर. फिटरला घरात गळती ऐकू आली की तो स्वस्थ बसत नाही. मी कुकरचं रबर बघितलं. गॅसच्या रेग्युलेटरला साबणाचा फेस लावून बघितला. नळ, फ्रीज, वरची टाकी, सगळं झालं. मग स्वयंपाकघरातला हवा बाहेर टाकणारा पंखा खोलला आणि त्याचे भाग वर्तमानपत्रावर मांडले. बायकोनं विचारलं, काय शोधताय. मी म्हटलं, हा आवाज. ती हात पुसत उभी राहिली, बराच वेळ कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, कसलाच आवाज नाही. मी कान दोन्ही हातांनी दाबले. सूर तसाच, उलट थोडा मोठा. मग कळलं की गळती कुठे आहे.

मी पंखा परत जोडला, तिला म्हटलं बंद झाला आवाज, आणि कुणालाही काही सांगितलं नाही. डॉक्टरनं आठवड्याला विचारलं तेव्हाही कान ठीक म्हणालो. दुसऱ्या डोसच्या आधीच्या तपासणीत मी पुन्हा मान धरली, पुन्हा खुर्ची सरळ झाली आणि पुन्हा हिरव्या दिव्याकडे बघत पहिला नंबर काढला. बारीक आवाजांच्या वेळी हेडफोनमधून मला माझा सूरच तेवढा ऐकू येत होता. मुलगी म्हणाली की काकांचे कान औषधालाही दाद देत नाहीत. डॉक्टर आलेख बघून खूश झाला, आणि दुसरा डोस पूर्ण ताकदीनं चढला.

हे इथपर्यंत माझ्यापुरतं होतं. पुढचं गल्लीत घडलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. गिरणीवाला सिन्नरकडचा, चाळिशीतला, बोलायला गोड माणूस. दिवाळीला पंधरा दिवस राहिले होते आणि चकलीच्या भाजणीचे डबे दारापर्यंत लागले होते. त्याला मोटरच्या आवाजात फरक वाटत होता, म्हणून तो मला बोलवायला आला. मला उभं राहवत नव्हतं, पण बोलावणं आलं म्हटल्यावर मी मफलर गुंडाळून आणि सळई घेऊन गेलो. डबे घेतलेल्या बायकांनी वाट दिली. मी सळई मोटरच्या बेअरिंगपाशी टेकवली, दुसरं टोक कानाला लावलं, डोळे मिटले. घरघर. छान, भरीव, एकसारखी घरघर. तिच्यावर माझा स्वतःचा सूर होता, तो मी वजा केला. त्या सुरात दुसरी एखादी शिट्टी बुडाली असेल असं माझ्या मनातही आलं नाही. मी डोळे उघडून सांगितलं की बेअरिंग उत्तम आहे, दिवाळी काय, संक्रांतही काढेल.

आठव्या दिवशी भर सकाळी बेअरिंग जाम झालं, मोटर जळाली आणि गल्लीभर जळक्या वायरचा वास सुटला. ऐन दिवाळीच्या तोंडावर गिरणी बंद. ज्यांची भाजणी व्हायची होती त्या बायका डबे उचलून बिटको चौकातल्या गिरणीकडे चालू लागल्या. संध्याकाळी गिरणीवाला घरी आला. मला वाटलं बोलेल चार शब्द. मी तयारही होतो. तो ओट्यावर बसला आणि म्हणाला, “काका, मनाला लावून घेऊ नका. मशीन हाय, व्हतं. तुमाला बरं नाय, तरी आला व्हता.” चहा घेऊन गेला बिचारा. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तो गेल्यावर बायको कप उचलत म्हणाली, “मला आठ दिवस ऐकू येत होती शिट्टी. डबा ठेवायला गेले की ऐकायची. पण तुम्ही चांगलं आहे म्हणालात, म्हणून मला वाटलं, माझेच कान वाजत असतील.”

ज्या बाईनं आयुष्यात कधी पान्हा हातात धरला नाही, तिला गिरणीच्या दारातून शिट्टी ऐकू आली होती, आणि मला सळई लावून नाही. त्याहून वाईट म्हणजे तिनं स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवला नाही, माझ्यावर ठेवला. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती, दहावीच्या निकालालाही नाही. मी तिला आत बसवलं आणि सगळं सांगितलं. कोपर, भुवई, खुर्ची, हिरवा दिवा, गळती.

ती आरडाओरडा करेल अशी माझी अपेक्षा होती. तिनं हातातला कप खाली ठेवला आणि विचारलं की तिसरा डोस कधी आहे. मी म्हटलं, सोमवारी. ती म्हणाली, उद्या सकाळी जायचं. सकाळी तिनं तेल घातलं नाही.

कानाच्या खोलीत तिनं मला बोलूच दिलं नाही. त्या मुलीला म्हणाली, “हे तुला दोन्ही वेळा फसवून गेले, बाळा. तुझ्या चष्म्यात त्यांना दिवा दिसतो.” मुलीनं चष्मा काढला, त्याच्याकडे बघितलं, ओढणीनं पुसला आणि परत घातला. मला वाटलं आता ही रडते की काय. स्वतःचा पांढरा कोट काढून तिनं काचेवर लटकवला, आत येऊन खुर्ची भिंतीकडे तोंड करून फिरवली आणि बटण माझ्या हातात दिलं. मान दुखते म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

समोर नुसता स्पंज. पहिले आवाज आले ते जाड, हंड्यावर बोट मारावं तसे. ते स्पष्ट होते, मी दाबत गेलो. मग बारीक होत गेले. दोन-तीन वेळा वाटलं की आला, पण तो माझाच सूर होता, आणि बोट शिवशिवत असूनही मी दाबलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी खरोखर ऐकायला बसलो होतो. मग काहीच येईना. मी वाट बघत राहिलो. तिचा फोन आला असेल म्हणून थांबली असेल, असं समजून मी पाठ ताठ करून तयारीत बसलो होतो.

दार उघडून ती आत आली आणि म्हणाली, “काका, झालं.”

मी म्हणालो, बारीक आवाज राहिलेत ना अजून. ती म्हणाली, तेही झाले. असं म्हणून तिनं हेडफोन माझ्या कानावरून इतक्या हळू काढले, की मला तिच्याकडे बघवेना.

डॉक्टरनं तिन्ही आलेख टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पहिले दोन सपाट, सटाण्याच्या रस्त्यासारखे. तिसरा अर्ध्यापर्यंत सपाट आणि मग कसारा घाट. तो चिडला होता, आणि चिडला तेव्हा मला तो पहिल्यांदा मोठा वाटला. यातलं कारखान्यानं किती नेलं आणि औषधानं किती, ते आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण मापायला सुरुवात केली तो पहिला कागदच खोटा आहे, असं तो म्हणाला. कारखान्याच्या हिश्शाला इलाज नव्हता. औषधाच्या हिश्शाला होता. दुसऱ्या डोसच्या आधी खरं कळलं असतं तर त्यानं तेव्हाच औषध बदललं असतं.

मी विचारलं, “बदललं असतं? बंद नाही?”

“बंद कशाला करीन?” तो म्हणाला. “याच जातीचं दुसरं आहे, कानाला कमी लागतं. शेक चालूच राहणार होते. तुम्हाला कुणी सांगितलं बंद करतात म्हणून?”

कुणीच नाही. ते मी माझं मीच सांगितलं होतं.

बायकोनं विचारलं की आता काही देता येईल का, जे कानातल्या त्या पेशींना वाचवेल. तिच्या आवाजात लसणाच्या तेलाची सगळी लाज होती. डॉक्टर जरा निवळला. लहान मुलांच्या काही कॅन्सरमध्ये याच औषधानंतर काही तासांनी दुसरं एक देतात, त्यानं मुलांचे कान बरेच वाचतात, असं त्यानं सांगितलं. मोठ्या माणसांमध्ये, तेही अशा आजारात, ते अजून नक्की ठरलेलं नाही. पेशी वाचवताना कॅन्सरही वाचला तर काय करायचं, ही भीती असते. काकांच्या बाबतीत कान वाचवायचा जो उपाय होता तो तपासणीचाच होता, असं म्हणून त्यानं सोमवारच्या कागदावर जुन्या औषधाचं नाव खोडलं आणि नवं लिहिलं. उरलेले आवाज बहुतेक टिकतील. शेक संपले की कानातल्या यंत्राचं बघू म्हणाला. या वेळी मी विचारलं की बघू म्हणजे काय, आणि त्यानं सगळं सांगितलं.

परत येताना रिक्षा केली. द्वारका चौकातल्या गर्दीत हॉर्न, बस, दिवाळीची आकाशकंदिलांची दुकानं. बायको बाहेर बघत बसली होती. सकाळपासून ती माझ्याशी बोलली नव्हती. मध्येच तिची हनुवटी हलल्यासारखी वाटली, म्हणून मी हो म्हणून मान हलवली.

ती माझ्याकडे वळली. “काय म्हणाले मी?”

डोकं सवयीनं कामाला लागलं. दूध घ्यायचंय म्हणाली असेल. किल्ली विचारली असेल. मनमाडला पोरीला फोन करा म्हणाली असेल. यांतलं एखादं ठोकून दिलं असतं तर बहुतेक खपूनही गेलं असतं.

मी म्हणालो, “ऐकू आलं नाही.”

ती सरकून माझ्यासमोर तोंड करून बसली. ओरडली नाही, सावकाश बोलली. “म्हटलं, भीती वाटते का तुम्हाला.”

मी मघाशीच हो म्हणून बसलो होतो. आता ऐकून पुन्हा मान हलवली.

ती आणखी दोन शब्द बोलली. मागून बस हॉर्न देत होती, मला काहीच ऐकू आलं नाही. पण ती माझ्याकडे बघून बोलली होती, म्हणून कळलं. मला पण, म्हणाली ती.